घाटावरची मासळी

साताऱ्यात किंवा सांगलीत ‘या रविवारी मासे करू’ असे घरात ठरले की मनात येतो तो समुद्र. बाजारातून आणायचे तर बर्फातला बांगडा किंवा सुरमईचे तुकडे, हॉटेलात जायचे तर पापलेटची थाळी आणि सोबत सोलकढी, मुलांचा हट्ट पुरवायचा तर चायनीजमध्ये जाऊन शेजवान कोळंबी नाहीतर चिली फिश. पुणे-बेंगळुरू महामार्गावर सातारा, कराड, पेठ नाका या टापूत ‘अस्सल मालवणी’ असे लिहिलेल्या पाट्या सहज दिसतात. नदीच्या माशाची पाटी शोधावी लागते. कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी, तारळी, वारणा, येरळा एवढ्या नद्या ज्या दोन जिल्ह्यांतून वाहतात, तिथे चांगला मासा म्हणजे घाट चढून आलेला ओला मासा, ही समजूत तपासून पाहायला हवी. माझ्या मते घाटावरचे उत्तम मासळीचे जेवण दोन गोष्टींतून होते. एक, जवळच्या धरणा-तळ्यातला ताजा मासा आणि दुसरी, कोकणातून वर येणारी सुकी मासळी. समुद्राच्या ओल्या माशाचा नंबर त्यानंतर लागतो. आणि ज्या आशियाई स्वयंपाकाची नावे आपल्या मेनूकार्डांवर आली आहेत, तो स्वयंपाकही याच बाजूने साक्ष देतो.

सुक्या मासळीपासून सुरुवात करू, कारण या भागाचे समुद्राशी जुने नाते तिच्यातूनच जुळले. कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण लागते आणि चिपळूणपासून वाशिष्ठीची खाडी दाभोळपर्यंत जाऊन समुद्राला मिळते. या वाटेने कोकणातून मीठ, नारळ, आमसूल आणि खारवलेली, वाळवलेली मासळी वर यायची. वरून धान्य, गूळ, मिरची खाली जायची. ओला बोंबील जवळजवळ सगळा पाण्याचाच असतो. पकडल्यावर काही तासांत तो मऊ पडतो, म्हणून किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर तो जबड्यात जबडा अडकवून वाळत घालतात. पाणी गेले की जिवाणूंना वाढायला जागा राहत नाही आणि तोच बोंबील महिनोन्‌महिने टिकतो. जवळा, सुकट, सोडे, खारा बांगडा ही सगळी अंतरावर माणसांनी काढलेली तोड आहे. साताऱ्या-सांगलीच्या आठवडी बाजारात आजही मिरची-मसाल्याच्या ओळीजवळ सुकटीचे ढीग असतात. तव्यावर कोरडी भाजून, पाखडून, कांदा, लसूण आणि कांदा-लसूण मसाल्यावर परतलेली सुकट ज्वारीच्या भाकरीबरोबर खाणारा माणूस किनाऱ्याची नक्कल करत नसतो. कोकणात भाताबरोबर जाणारा जिन्नस इथे भाकरीचा झाला आहे, त्यातला नारळ जाऊन सुके खोबरे आणि शेंगदाण्याचा कूट आला आहे. हे पूर्णपणे इथले अन्न आहे, आणि पाहुण्यांसमोर ते ठेवायला लाज वाटावी असे त्यात काही नाही. वाईट याचे वाटते की हॉटेलांच्या मेनूकार्डावर त्याला क्वचितच जागा मिळते.

ओल्या समुद्री माशाची गोष्ट वेगळी. मासा घाट चढून आला म्हणून वाईट होत नाही. त्याचे बिघडणे तास आणि तापमान यांवर ठरते. समुद्री माशांच्या अंगात खाऱ्या पाण्याशी जमवून घेण्यासाठी एक नत्रयुक्त संयुग साठलेले असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइल अमाइन करतात, आणि ज्याला आपण ‘मासळीचा वास’ म्हणतो तो बहुतांशी याचाच. गोड्या पाण्यातल्या माशात हे मूळ संयुग फार थोडे असते. बांगडा, सुरमई, कुपा या कुळातल्या माशांत आणखी एक अडचण आहे. ते उबेत राहिले तर जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. ते कितीही तळले, उकळले तरी नष्ट होत नाही आणि खाल्ल्यावर अंगावर लाली, डोकेदुखी, मळमळ असा त्रास देते. त्यामुळे शिळा बांगडा झणझणीत मसाल्यात घातला की निभावतो, हा समज धोक्याचा आहे. आपल्या हवेत एक किलो माशाला साधारण एक किलो बर्फ हवा, आणि तोही मासा पाण्याबाहेर आल्यापासून कढईत पडेपर्यंत अखंड. शिवाय मोठ्या यांत्रिक नौका कित्येकदा काही दिवस समुद्रातच असतात. मासा ‘आज पहाटे रत्नागिरीहून आला’ हे खरे असले तरी तो आज पहाटे पकडला, असा त्याचा अर्थ होत नाही.

यावर सांगितले जाईल की हे जुने दिवस झाले. आता बर्फाच्या पेट्या आहेत, थंड गाड्या आहेत, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरचा माल रातोरात सांगलीत पोहोचतो. हे मान्य करायलाच हवे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात नीट बर्फात आलेला बांगडा किंवा तारली घाटावरही उत्तम लागते, आणि कल्ला उघडून लाल आहे का, डोळा फुगीर आहे का, बोट दाबल्यावर खड्डा भरून येतो का, एवढे पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला तो मिळतोही. अडचण आहे ती बारा महिने तेच ताट मागण्याची. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याचा नियम रुळलेला आहे. तो माशांच्या प्रजननासाठी आहे आणि त्याच दिवसांत समुद्रही खवळलेला असतो. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. म्हणजे जूनच्या उत्तरार्धात आणि जुलैत आपल्या ताटातली सुरमई एकतर शीतगृहात गोठवलेली असते किंवा अख्खा देश ओलांडून आलेली. आणि नेमका याच सुमारास आषाढ असतो. श्रावण पाळणाऱ्या घरांत आखाडाच्या रविवारी मटण, कोंबडी, मासे यांना मागणी वाढते. मागणी चढलेली आणि नौका किनाऱ्याला बांधलेल्या, असा हा काळ. त्या दिवसांतली पापलेट थाळी कितीही सजवलेली असली तरी तिच्यात पैसे भावाला जातात, चवीला नाही. सिल्व्हर पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्यमासा म्हणून जाहीर केले, तेही त्याच्या घटत्या साठ्याची काळजी म्हणून. हेही लक्षात ठेवायला हवे.

आता चायनीज किंवा ‘एशियन’ म्हणवणाऱ्या हॉटेलांतले ताट पाहू. तिथली शेजवान कोळंबी बहुधा वन्नामेई जातीची असते. ही मूळची पॅसिफिक किनाऱ्यावरची कोळंबी २००९ पासून भारतात रीतसर वाढवली जाऊ लागली आणि तिचे सर्वांत मोठे उत्पादन आंध्र प्रदेशातल्या तळ्यांत होते. चिली फिशमधला पांढरा, बिनकाट्याचा, चवीला अगदी सौम्य तुकडा बहुतेक वेळा बासाचा असतो. बासा हा व्हिएतनामच्या मेकाँग नदीच्या खोऱ्यातला मासा. आता आपल्याकडेही तळ्यांत आणि जलाशयांतल्या पिंजऱ्यांत वाढवला जातो. म्हणजे सी-फूड म्हणून आपण जे मागवतो, त्यातले बरेचसे उघड्या समुद्रात कधी पोहलेलेच नसते. यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. बासा खायला सुरक्षित आहे, वन्नामेई चवीला चांगली आहे. पण तळ्यातलाच मासा खायचा असेल तर तो शेकडो किलोमीटरवरून गोठवून कशाला आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. वाईजवळ कृष्णेवर धोम धरण आहे, साताऱ्याला खेटून वेण्णेवर कण्हेर आहे, परळी खोऱ्यात उरमोडी आहे. सांगली जिल्ह्यात टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कोरड्या तालुक्यांतले तलाव भरू लागले आहेत, आणि द्राक्ष-डाळिंबासाठी खोदलेली शेततळी तर गावोगाव दिसतात.

या पाण्यात आज जो मासा सर्वांत जास्त आहे तो मूळचा इथला नाही, हेही सांगून टाकतो. कटला, रोहू, मृगळ हे उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले मासे. ते साचलेल्या पाण्यात वाढतात पण अंडी घालत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांचे बीज पुराच्या वाहत्या नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि मत्स्यबीज हवे तिथे तयार करण्याचा मार्ग खुला झाला. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पावसाळ्यात तलावात बोटुकली सोडायची आणि वर्षभरात किलोभराचा मासा काढायचा, ही आजची पद्धत त्या शोधावर चालते. तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्था घेतात आणि जाळे टाकतात ते बहुतांशी भोई आणि कोळी समाजातले लोक. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची आणि चांदोलीच्या पाण्याची गोष्ट निराळी. त्यांचा मोठा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, त्यामुळे तिथे मासेमारीवर बंधने आहेत आणि ती असायलाच हवीत. बाकीच्या पाण्याचे काय होऊ शकते हे पाहायचे तर फार लांब जायला नको. उजनीच्या काठावर भिगवणला पुणे-सोलापूर रस्त्याने जाणारे लोक मुद्दाम थांबून चिलापी आणि रोहू खातात. तिथे मालवणचे नाव घ्यावे लागत नाही. धरणाचा मासा हीच जाहिरात, आणि ताजेपणा ही तिची हमी. हे साताऱ्यात किंवा कराडात अजून घडलेले नाही, याला माशाचा दोष नाही.

नदीच्या माशाविरुद्ध घराघरांत दोन तक्रारी ऐकू येतात, आणि त्या खोट्या नाहीत. पहिली काट्यांची. कटला, रोहू, मृगळ या कार्प कुळातल्या माशांच्या मांसात पाठकण्याला न जोडलेले, टोकाला दुभंगलेले बारीक काटे असतात. लहान मुलांना ते वाढणे खरोखरच जिकिरीचे. पण सगळ्या नदीच्या माशांत ते नसतात. मरळ, चिलापी, शिंगाळा यांत असे मोकळे काटे नसतात आणि वामीतही मधल्या कण्याखेरीज त्रास देणारे फारसे काही नसते. घरात मुले असतील तर यांतले घ्यावे. कार्प घ्यायचा तर मोठा घ्यावा, दोन-तीन किलोचा कटला असेल तर त्याचे काटे एवढे जाड असतात की बोटाला लगेच लागतात. लहान रोहूसाठी आणखी एक युक्ती आहे. खवले काढून, धुऊन, कोरडा केल्यावर धारदार सुरीने दोन्ही अंगांना अगदी जवळजवळ, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, कण्यापर्यंत खोल चिरा द्यायच्या. बारीक काटे त्या चिरांत तुटतात आणि कडकडीत तेलात मासा तळला की कुरकुरीत होऊन विरघळल्यासारखे लागतात.

दुसरी तक्रार चिखलट वासाची. हा वास चिखल खाल्ल्याने येत नाही. साचलेल्या पाण्यातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात. पहिल्या पावसाच्या मातीला जो वास येतो त्यातही हाच असतो. माशाच्या चरबीत तो साठतो, विशेषतः पोटाकडच्या मांसात आणि कातडीखाली. आंबटपणाने जिओस्मिन मोडतो, हे रसायनशास्त्राने नंतर सांगितले. आपल्या स्वयंपाकघरांना ते आधीपासून ठाऊक होते. तुकडे मीठ, सांगलीची हळद आणि लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवायचे, सुटलेले पाणी टाकून द्यायचे, पोटातली काळी पातळ त्वचा खरवडून काढायची आणि कालवणात चिंच किंवा आमसूल हात आखडता न घेता घालायचे. वाटणात नारळाऐवजी भाजलेला कांदा, सुके खोबरे, तीळ आणि भरपूर लसूण. नारळाचा गोडवा समुद्री माशाला शोभतो. नदीच्या माशाला या भागाचा तिखट-आंबट रस्साच जास्त मानवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तो रस्सा दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी कुस्करून खाताना आणखी मुरलेला असतो.

आशियाई स्वयंपाकाची साक्ष इथे कामाला येते. जगात तळ्यांत वाढवलेल्या माशांत सर्वाधिक उत्पादन गवत्या माशाचे होते आणि त्यात चीनचा वाटा सर्वांत मोठा. आपल्याकडेही हा मासा तलावातले गवत खाण्यासाठी सोडतात, आणि बाजारात तो कटल्याहून दुय्यम समजला जातो. चीनमधल्या हांगचौ शहराची ओळख सांगणारा व्हिनेगरमधला मासा याच गवत्याचा करतात. सिचुआन प्रांतात मिरच्या-तिरफळाच्या जातीच्या मसाल्यात उकळून केलेला मासाही बहुधा गवत्याच. ज्या सिचुआनच्या नावावरून आपली ‘शेजवान’ चटणी आली, तिथला मासा नदीचा असतो! कँटनच्या बाजूला जिवंत मासा टाकीतून काढून, अख्खा वाफवून, वर आले-पातीच्या बारीक कांड्या पसरून, सोया सॉस आणि धूर येणारे तेल ओततात. त्यात मैद्याचे कवच नसते, त्यामुळे मासा ताजा नसेल तर लपवायला जागाच राहत नाही. थायलंडमध्ये तिलापिया, म्हणजे आपल्या चिलापीचाच जवळचा भाऊ, मिठाचा थर देऊन, पोटात गवती चहा भरून निखाऱ्यावर भाजतात. तो तिथे पोहोचला १९६५ मध्ये, जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांनी थायलंडच्या राजाला भेट म्हणून पाठवल्यामुळे. बंगालबद्दल तर सांगायलाच नको. रोहूच्या काट्यांची तक्रार तिथे कोणी करत नाही. साताऱ्या-सांगलीच्या चायनीज हॉटेलांकडे मोठी आच, लोखंडी कढई, आले-लसूण-पात आणि कसबी हात सगळे आहे. त्यांनी गोठवलेल्या बासाच्या तुकड्यांऐवजी सकाळी तलावावरून आलेली चिलापी अख्खी वाफवून किंवा तळून दिली, तर ती आपल्या ‘चायनीज’पेक्षा चीनच्या जास्त जवळ जाईल आणि गिऱ्हाइकाला स्वस्तही पडेल.

पोषणाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. हृदयाला उपकारक समजली जाणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले बांगडा आणि तारली यांत भरपूर असतात. तळ्यातल्या कार्पात कमी. माझ्या बोलण्यातून कोणी समुद्री मासा घरातून हद्दपार केला तर ते मला नको आहे. पण हे गुण स्वस्त बांगड्यात आणि तारलीत आहेत, मैद्यात बुडवून तळलेल्या बासात नाहीत, आणि महागड्या पापलेटच्या हट्टालाही त्यांचा आधार मिळत नाही. काट्यासकट खाल्ली जाणारी सुकट आणि छोटे मासे प्रथिने व कॅल्शियम देतात. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी खारवलेली मासळी जपून खावी. बिनमिठाची वाळवलेली बोंबील-सुकट त्यांना बरी, तीही धुऊन.

पावसाळ्यातली एक सवय मात्र सोडायला हवी. पहिल्या मोठ्या पावसाला पाटण, जावळी, शिराळा या भागांतल्या ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत चढणीचे मासे येतात. ते पाण्याच्या उलट दिशेने वर चढतात ते अंडी घालायला, त्यांची पोटे गाभोळीने भरलेली असतात. घरापुरते चार मासे काढणे ही जुनी रीत होती. आता ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावून सगळी चढणच उचलली जाते. समुद्रात ६१ दिवस नौका थांबतात, मग ओढ्यानेही पंधरा दिवस विसावा मागितला तर त्यात गैर काय? मूळच्या इथल्याच जाती, म्हणजे मरळ, वाम, शिंगाळा, कटला-रोहूच्या गर्दीत आणि धरणांनी अडवलेल्या पाण्यात आधीच मागे पडल्या आहेत. त्या दिवसांत भूक भागवायला शेततळ्यातला मासा आहे, सुकट आहे, आणि ओढ्याच्या खेकड्यांचा ठेचून, गाळून केलेला रस्साही आहे, तोसुद्धा पिलावळ अंगावर असलेली मादी सोडून देऊन.

सर्वांत कठीण आक्षेप शेवटी घेतो, कारण त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. सांगलीकर विचारतील, कृष्णेचा मासा खायचा तर नदीची अवस्था पाहिली आहे का? मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या बाजूला कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची मळी नदीत उतरली की ती कुजवण्यात पाण्यातला विरघळलेला प्राणवायू खर्च होतो. उन्हाळ्यात पाणी कमी आणि ऊन जास्त असते, तेव्हा मासा अक्षरशः गुदमरतो. अशा पट्ट्यातला मासा खाऊ नये, हे उघड आहे. म्हणून मी सुरुवातीपासून धरण आणि तळे म्हणतो आहे. धोम, कण्हेर, उरमोडी ही धरणे मोठ्या शहरांच्या वर आहेत. शेततळ्यात काय उतरते हे त्याच्या मालकाला माहीत असते. मासेवाल्याला कोणत्या पाण्यातला मासा, कधी काढला, हे विचारायला संकोच करू नये; आणि बंदी असलेला थाई मांगूर कोणी मरळ म्हणून गळ्यात मारत असेल तर त्याच्या चार जोड्या मिशांवरून तो ओळखावा, मरळीला तशा मिशा नसतात. पण एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. सांगलीच्या घाटाखालचे पाणी खाण्याजोगा मासा देऊ शकत नसेल, तर तेच पाणी खालच्या गावांना पिण्यासाठी उपसावे लागते, हे त्याहून गंभीर आहे. मासेमारी संस्था, भोई कुटुंबे आणि मासे खाणारी शहरातली माणसे यांनी मिळून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कृष्णेच्या प्राणवायूचे आकडे दर आठवड्याला मागावेत आणि ते मासळी बाजारात फळ्यावर लिहून लावावेत, भाव लिहितात त्याच फळ्यावर.